छोट्या बेटांची स्थानिक टपाल तिकिटं: नव्या संग्राहकाने सुरुवात कशी करावी

टपाल तिकीट म्हणजे सरकारने छापलेलं, असं आपण धरून चालतो. पण किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात अशी कितीतरी बेटं आहेत जिथे सरकारी टपाल कधी गेलंच नाही, किंवा काही वर्षं जाऊन परवडेना म्हणून बंद झालं. पत्रं मात्र लिहिली जातच होती. मग बेटाच्या मालकाने, बोटवाल्याने, एखाद्या ठिकाणी कबुतरं पाळणाऱ्याने ती किनाऱ्यावरच्या टपाल कचेरीपर्यंत पोचवली आणि त्या खेपेचा खर्च निघावा म्हणून स्वतःचं तिकीट काढलं. अशा तिकिटांना स्थानिक तिकिटं किंवा नुसतं ‘लोकल्स’ म्हणतात. कुठल्याही देशाच्या टपालखात्याने न काढलेल्या तिकिटांना संग्राहक मंडळी ‘सिंड्रेला’ म्हणतात, त्या मोठ्या घराण्यातली ही एक शाखा.

हा छंद आपल्याकडे फार कमी लोक करतात आणि मला ते खटकतं. भारतीय संस्थानांच्या तिकिटांमागे किंवा ब्रिटिश राजवटीतल्या दुर्मीळ तिकिटांमागे धावायला खिसा मोठा लागतो. बेटांच्या तिकिटांमध्ये अजूनही थोड्या पैशांत नीटस, अर्थपूर्ण संग्रह उभा राहतो. अट एकच आहे: ज्या तिकिटाने खरोखर पत्र वाहून नेलं, त्याच्याच मागे लागायचं. पुढे जे काही सांगितलं आहे ते या एका अटीभोवती फिरतं.

आधी एक बेट नीट समजून घ्या: लंडी

सुरुवात लंडीपासून करावी असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी, डेव्हनच्या किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटरवर हे बेट आहे. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरच्या आसपास. १९२५ साली मार्टिन कोल्स हार्मन नावाच्या उद्योजकाने ते विकत घेतलं. १९२७ च्या अखेरीस ब्रिटिश टपालखात्याने तिथली कचेरी बंद केली. पुढे काही काळ हार्मनने बेटवासीयांची पत्रं पदरमोड करून किनाऱ्यावर पोचवली आणि १ नोव्हेंबर १९२९ रोजी स्वतःची दोन तिकिटं काढली: अर्ध्या पफिनचं गुलाबी आणि एक पफिनचं निळं. पफिन हा त्या बेटावर घरटी करणारा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी. हार्मनने चलनालाच त्याचं नाव दिलं आणि एक पफिन म्हणजे एक पेनी असा भाव ठरवला.

त्याच वर्षी त्याने स्वतःच्या चेहऱ्याची नाणीही पाडली. ते मात्र अंगाशी आलं. १८७० च्या नाणेविषयक कायद्याखाली खटला झाला, १९३० मध्ये पाच पौंड दंड झाला आणि अपीलही फेटाळलं गेलं. नाणी गेली, तिकिटं राहिली. ती वाचली कारण ती सरकारी टपालाची जागा घेत नव्हती. बेट ते किनारा एवढ्या पट्ट्याचंच भाडं ती वसूल करत. पुढच्या प्रवासासाठी पाकिटावर राजाचं तिकीट वेगळं लावावंच लागे. हा फरक डोक्यात पक्का बसला की या छंदातलं अर्धं गणित सुटतं.

टपालखात्याने एक अट घातली होती. लंडीचं तिकीट पत्त्याच्या बाजूला चालणार नाही, ते पाकिटाच्या मागे चिकटवायचं. पुढे नियम सैल झाले आणि ते समोर, डाव्या कोपऱ्यात येऊ लागलं. म्हणून जुनं लंडी पाकीट हातात आलं की आधी उलटून पाहायचं. विक्रेत्याने फक्त पुढच्या बाजूचा फोटो टाकला असेल तर मागच्या बाजूचा मागून घ्यायचा.

आपल्याशी या बेटाचा एक धागा जुळतो तो सांगायलाच हवा. हार्मनचा मुलगा, लान्स कॉर्पोरल जॉन पेनिंग्टन हार्मन, एप्रिल १९४४ मध्ये कोहिमाच्या लढाईत मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो कोहिमाच्या युद्ध दफनभूमीतच चिरविश्रांती घेतो आहे. लंडीवर एका जुन्या दगडखाणीत त्याचं स्मारक आहे. नागालँडला जाणार असाल तर ती कबर बघून या. लंडीचा संग्रह करणाऱ्याला तिथे उभं राहिल्यावर ते बेट इतकं परकं वाटत नाही.

१९६९ मध्ये बेट नॅशनल ट्रस्टकडे गेलं आणि आता लँडमार्क ट्रस्ट ते सांभाळतो. तिकिटं आजही निघतात, किंमत आजही पफिनमध्येच असते, आणि आता त्या किमतीतच रॉयल मेलच्या पुढच्या प्रवासाचाही खर्च धरलेला असतो. इतकी जुनी आणि अजून चालू असलेली खाजगी टपालसेवा दुसरी सापडणं कठीण.

प्रत्येक तिकिटाला तीन प्रश्न विचारा

नवखा माणूस फसतो तो इथे. १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटनमध्ये कितीतरी बेटांच्या नावाने तिकिटं छापली गेली आणि त्यातली बरीच केवळ संग्राहकांना विकण्यासाठी होती. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं स्टाफा बेट बेसॉल्टच्या खांबांसाठी आणि फिंगल गुहेसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे कोणी राहत नाही. तरीही स्टाफाच्या नावाने पक्ष्यांची, जहाजांची, खेळाडूंची, चकचकीत सोनेरी वर्खाची तिकिटं ढिगाने निघाली. ज्या बेटावर पत्र लिहायला माणूसच नाही तिथल्या तिकिटांचं एवढं पीक कशासाठी, हे उघड आहे. ‘जगभरातील ५०० तिकिटं’ अशा स्वस्त पाकिटांत ही सर्रास निघतात.

म्हणून तिकीट समोर आलं की विचारा: पत्र कुठून कुठे गेलं? ते कोणी नेलं, कोणती बोट, कोणतं विमान, कोणता माणूस? आणि सरकारी टपाल ते काम का करत नव्हतं? तिन्हींची उत्तरं मिळाली तर तिकीट घ्या. दोनच मिळाली तर थांबा, वाचा, मग ठरवा. एकाचंही मिळालं नाही तर ते रंगीत लेबल आहे. लेबलं जमवण्यातही मजा असते, पण त्यांना तिकिटाचे पैसे देऊ नयेत.

चित्रावरूनही अंदाज येतो. बेटाचा दीपस्तंभ, धक्का, तिथले पक्षी, टपाल नेणारी बोट असे विषय असले की सहसा कोणीतरी बेटावर बसून विचार केलेला असतो. उत्तर अटलांटिकमधल्या खडकाच्या तिकिटावर उष्ण कटिबंधातली फुलपाखरं दिसली की सावध व्हा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक बेटांनी आपल्या नेहमीच्या तिकिटांवर ‘युरोपा’ (युरोपातले देश मिळून काढतात त्या तिकिटांच्या मालिकेचं नाव) असं जादा छापून त्या मालिकेच्या संग्राहकांना ती विकली. त्यात खरी टपालसेवा चालवणारी बेटंही होती. अशी तिकिटं वाईट नाहीत, पण तुमच्या संग्रहाचा कणा त्यांवर उभारू नका. कडेला छिद्रं न पाडलेल्या आवृत्त्या आणि उलट्या छपाईच्या ‘चुका’ यांनाही हेच लागू.

तिसरा एक प्रकार मधलाच आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्हा बेटाला १९४६ मध्ये स्वतःचं तिकीट नव्हतं. बेटावर पैशाचा व्यवहारही जवळपास नव्हता. ॲलन क्रॉफर्ड यांनी तिकिटाचा एक नमुना तयार केला: त्यावर पेंग्विन, आणि किंमत एक पेनी म्हणजेच चार बटाटे. बेटाला तिकिटं मिळावीत या मागणीबरोबर तो पाठवला गेला. मागणी मान्य झाली नाही आणि अधिकृत तिकिटं आली ती १ जानेवारी १९५२ ला, सेंट हेलेनाच्या तिकिटांवर बेटाचं नाव छापून. बटाट्याचं तिकीट म्हणजे रीतसर टपाल तिकीट नव्हे, पण बेटाच्या टपाल इतिहासात त्याला पक्की जागा आहे. असा नमुना मिळाला तर वहीत ‘प्रस्ताव’ म्हणून वेगळा नोंदवा.

आता एकच बेट निवडा

सगळी बेटं एकदम जमवायला गेलात तर हाती डबाभर रंगीत कागद येतील. एक बेट घ्या, त्याचा नकाशा भिंतीवर लावा, त्याच्या बोटीचं नाव पाठ करा. कोणतं घ्यावं याबद्दल माझं मत असं.

लंडी सर्वात सोपं आणि सर्वात लांब पल्ल्याचं. १९२९ पासून आजपर्यंत सलग साखळी आहे, माहिती भरपूर आहे, आणि अगदी पहिली दोन तिकिटंसुद्धा सामान्य माणसाच्या आवाक्यातली आहेत. १९३० च्या दशकात इथे विमान टपालही सुरू झालं. बार्नस्टेपलहून उडणाऱ्या छोट्या विमानकंपनीची वेगळी तिकिटं आहेत. नवख्याने ती दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावीत.

हर्म हे बेट ज्यांना सुरुवात आणि शेवट दोन्ही हवेत त्यांच्यासाठी. इंग्लिश खाडीत, गर्न्सीच्या अगदी शेजारी. इथली स्थानिक तिकिटं १९४९ ते १९६९ एवढीच. १ ऑक्टोबर १९६९ ला गर्न्सीचं टपालखातं ब्रिटनपासून स्वतंत्र झालं आणि हर्मच्या तिकिटांचं काम संपलं. वीस वर्षांचा हिशेब असल्यामुळे संग्रह पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं. ध्यानात ठेवा की गर्न्सी, जर्सी आणि ५ जुलै १९७३ पासून आइल ऑफ मॅन यांची आजची तिकिटं अधिकृत आहेत, स्थानिक नव्हेत. ऑल्डर्नीची १९८३ पासूनची तिकिटंही गर्न्सीचं टपालखातं काढतं. विक्रेते हे सगळं एकाच टोपलीत टाकतात. तुम्ही टाकू नका.

अमेरिकेत ईरी सरोवरातल्या रॅटलस्नेक बेटाची १९६६ पासूनची तिकिटं आहेत. समुद्राऐवजी गोड्या पाण्यातलं बेट आणि बोटीबरोबर विमान असा वेगळा मामला हवा असेल तर ती पाहा.

आणि मग न्यूझीलंडचं ग्रेट बॅरियर बेट. खरं सांगायचं तर माझा जीव या बेटावर आहे, पण नवख्याने ते पुढच्या टप्प्यावर घ्यावं. ऑक्टोबर १८९४ मध्ये ‘वैरारापा’ हे जहाज या बेटाच्या खडकांवर आपटून बुडालं. शंभराहून जास्त माणसं गेली, आणि तार नसल्यामुळे ती बातमी ऑकलंडला पोचायलाच काही दिवस लागले. बेट आणि शहर यांच्यात जलद निरोपाची सोय किती गरजेची आहे हे त्या वेळी सगळ्यांना कळलं. पुढे कबुतरांची सेवा सुरू झाली. कबुतर आपल्या घराकडेच उडतं, म्हणून ऑकलंडची कबुतरं बोटीने बेटावर न्यायची आणि पातळ कागदावरचा निरोप बांधून तिथून सोडायची. १८९८ मध्ये या सेवेचं एक शिलिंगचं तिकीट निघालं. त्यावर ‘स्पेशल पोस्ट’ असे शब्द होते. टपालखात्याने ‘पोस्ट’ या शब्दाला हरकत घेतली, तेव्हा त्यावर ‘पिजनग्राम’ असं छापलं गेलं. १८९९ मध्ये त्रिकोणी तिकिटं आली, निळं सहा पेन्सचं आणि तांबडं एक शिलिंगचं. एकाच बेटासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या कबुतरं उडवत होत्या. १९०८ मध्ये समुद्राखालून तार टाकली गेली आणि कबुतरांची नोकरी संपली. वरचे तिन्ही प्रश्न इथे विचारून पाहा, प्रत्येकाचं उत्तर खणखणीत मिळतं. म्हणूनच या तिकिटांना मागणी आहे, किंमत आहे, आणि म्हणूनच ती जाणकार संस्थेच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नयेत.

१९७१ च्या ब्रिटिश टपाल संपाबद्दल एक सावधगिरी. २० जानेवारीपासून सुमारे सात आठवडे टपाल बंद होतं आणि सरकारने खाजगी सेवांना तात्पुरती मुभा दिली. त्या काळात शेकडो नावांची तिकिटं निघाली, काही बेटांच्या नावेही. त्यातच १५ फेब्रुवारीला ब्रिटनचं चलन दशमान झालं, त्यामुळे जुन्या आणि नव्या पेन्सची सरमिसळ दिसते. हा स्वतंत्र विषय आहे. तुमच्या बेटाचं संपकाळातलं पाकीट मिळालं तर जरूर घ्या, पण संपाची तिकिटं वेगळ्या भागात ठेवा.

साहित्य थोडंच लागतं

टोकाशी चपटा असलेला, तिकिटांसाठीचा चिमटा (भुवयांचा नव्हे). दहापट मोठं दाखवणारं भिंग. छिद्रं मोजायची पट्टी, कारण दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात त्यावर आवृत्त्या ओळखल्या जातात. काळ्या पानांचं स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं न चिकटवता पट्ट्यांत सरकवून ठेवायची वही. पाकिटांसाठी पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशव्या. पीव्हीसीच्या पिशव्या आणि स्टेशनरीच्या दुकानातले मऊ प्लास्टिकचे फोल्डर टाळा, काही वर्षांत ते शाई ओढून घेतात. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना या छंदात जागा नाही.

मोठ्या जागतिक कॅटलॉगमध्ये ही तिकिटं सापडणार नाहीत, कारण त्यांत देशांची अधिकृत तिकिटं असतात. ब्रिटिश बेटांसाठी जेराल्ड रोझेन यांचा स्थानिक तिकिटांचा कॅटलॉग अनेक विक्रेते आजही क्रमांकासाठी वापरतात. जुनी प्रत मिळाली तरी चालते. त्यातल्या किमतींकडे लक्ष देऊ नका, क्रम आणि तारखा घ्या. ब्रिटनमधला सिंड्रेला स्टॅम्प क्लब १९५९ पासून चालू आहे आणि त्याच्या मासिकात या बेटांवर अभ्यासपूर्ण लेख येत आले आहेत.

पहिली खरेदी

भारतात बसून खरेदी करायची तर ई-बे आणि डेलकॅम्प हे दोन बाजार. बेटाचं नाव आणि ‘लोकल’ किंवा ‘कव्हर’ (टपालातून गेलेलं पाकीट) हे शब्द रोमन अक्षरांत टाकून शोधा. निकाल ‘विकले गेलेले’ या यादीत बघायची सवय लावा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फार अंतर असतं. एक-दोन महिने नुसतं बघा. कोणतं पाकीट दर आठवड्याला येतं आणि कोणतं क्वचितच, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

पहिल्यांदा सुटी तिकिटं घेऊ नका. तुमच्या बेटाची खरी प्रवास केलेली तीन-चार पाकिटं वेगवेगळ्या दशकांतली घ्या, भले शिक्का पुसट असो, कोपरा दुमडलेला असो. मग कोरी तिकिटं. कोरी तिकिटं बिनडागी, मूळ डिंकाची असावीत. वापरलेली आणि ‘मागणीवरून शिक्का मारलेली’ यांतला फरक ओळखा: शिक्का एका कोपऱ्यात सुबक पाव वर्तुळ असेल आणि मागे डिंक शाबूत असेल तर ते पत्र कुठेही गेलेलं नाही.

पैसे देण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करावे लागतात. भारतात ते मुळात बंद असतात. विक्रेत्याला दोन गोष्टी लिहून कळवा: पाकीट दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, आणि मागोवा घेता येईल अशा टपालाने पाठवा. जाहीर किंमत खरीच लिहायला सांगा. सीमाशुल्क लागू शकतं, ते धरूनच बोली लावा. मुंबईत परदेशी टपाल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून सुटतं. कागद मागितले तर खरेदीची पावती दाखवायला जवळ ठेवा.

महाराष्ट्रात ‘महापेक्स’सारखी प्रदर्शनं भरतात तेव्हा विक्रेत्यांच्या टेबलांखालचे ‘मिश्र परदेशी कव्हर’चे खोके चाळा. लोकल्सची ओळख नसल्याने ती तिथे अनेकदा साध्या पाकिटांच्या भावात असतात. मुंबई जीपीओच्या फिलाटेली ब्यूरोत बेटांची तिकिटं मिळत नाहीत, पण तिथे येणाऱ्या जुन्या संग्राहकांशी ओळख होते आणि ती ओळख कॅटलॉगपेक्षा जास्त कामी येते.

पाकीट वाचायला शिका

इथे घाई करू नका. जुन्या लंडी पाकिटावर दोन तिकिटं आणि दोन शिक्के असायला हवेत. ब्रिटिश तिकिटावर किनाऱ्यावरच्या कचेरीचा शिक्का, लंडीच्या तिकिटावर बेटाचा. दोन्हींच्या तारखा लावून पाहा. बेटाचा शिक्का आधीचा, किनाऱ्याचा नंतरचा. मध्ये काही दिवसांचं अंतर असेल तर आनंदच माना. वादळ असेल, बोट निघाली नसेल. १९३० च्या दशकातल्या पाकिटाने बहुधा ‘लेरिना’ बोटीतून प्रवास केला आहे, आणि तारखांमधली ती फट त्या बोटीची कहाणी सांगते. किनाऱ्याचा शिक्का आधीचा आणि बेटाचा नंतरचा दिसला तर कोणीतरी मागाहून काहीतरी चिकटवलं आहे, किंवा पत्र उलट्या दिशेने, बेटाकडे गेलं आहे. पत्ता वाचा म्हणजे कळेल.

पत्ता ही फार बोलकी गोष्ट आहे. एकाच तिकीटविक्रेत्याच्या नावाची, टंकलेखन केलेली, आत काहीच नसलेली पाकिटं ही संग्राहकांसाठी तयार केलेली असतात. त्यांची किंमत कमी, पण नमुना म्हणून ठीक. हाताने लिहिलेला पत्ता, आत हवापाण्याच्या तक्रारीचं किंवा पक्षी पाहिल्याच्या आनंदाचं पत्र, असं पाकीट मिळालं तर थोडे जास्त पैसे खुशाल द्या. पोस्टकार्डांकडे दुर्लक्ष होतं म्हणून ती स्वस्त मिळतात, आणि सुट्टीला आलेल्या माणसाचा मजकूर त्यांवर उघडाच असतो.

एक कळकळीची विनंती: स्थानिक तिकीट पाकिटावरून पाण्यात भिजवून काढू नका. साध्या सरकारी तिकिटांसाठी ती रीत ठीक आहे. इथे तिकीट, शिक्का, पत्ता आणि जागा मिळून पुरावा बनतो. तिकीट सुटं झालं की ते पत्र खरंच बोटीने गेलं होतं हे सिद्ध करायला काही उरत नाही.

बेटावरून स्वतःच्या नावे पत्र मागवा

हा या छंदाचा सर्वात आनंदाचा भाग. ब्रिटनमध्ये आता मराठी घरांची कमी नाही. कोणाचा भाचा ब्रिस्टलला असतो, कोणाची पुतणी कार्डिफला शिकते. त्यांना उन्हाळ्यात लंडीला जायला सांगा. ‘ओल्डनबर्ग’ ही बोट वसंत ऋतूपासून ऑक्टोबरपर्यंत भरती-ओहोटी बघून कधी बिडेफर्डहून तर कधी इलफ्राकूमहून सुटते. हिवाळ्यात हेलिकॉप्टर असतं. बेटावरच्या दुकानात तिकिटं आणि कार्डं मिळतात.

त्यांना नेमकं सांगा: भारतासाठीचं तिकीट मागायचं, बेटावर लिहायचं, बेटावरच्या पेटीतच टाकायचं. परत आल्यावर शहरातल्या लाल पेटीत टाकलं तर सगळं मुसळ केरात. पत्ता इंग्रजीत, पिनकोडसह, आणि देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत. मजकूर मराठीत लिहायला सांगा. देवनागरी मजकुराचं लंडीचं कार्ड तुमच्या संग्रहात इतर कोणाहीपेक्षा वेगळं दिसेल. एक कार्ड उघडं आणि दुसरं पाकिटात घालून पाठवलं तर उत्तम. उघड्यावर आपल्या टपालाचे शिक्के उठण्याची शक्यता जास्त, पाकिटातलं सुरक्षित पोचतं.

आपल्या हवेत सांभाळायचं कसं

मुंबई, कोकण, गोवा इथे तिकिटांचा खरा शत्रू पावसाळा. दमट हवेत कोऱ्या तिकिटांचा डिंक ओला होऊन पानाला चिकटतो, आणि कागदावर तपकिरी ठिपके उमटतात. ते एकदा आले की जात नाहीत आणि शेजारच्या तिकिटांनाही लागतात. स्टॉकबुक आडवी रचून ठेवू नका, वजनाने तिकिटं दाबली जातात. पुस्तकांसारखी उभी, सैल ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, ती भिंत जूनपासून पाणी पिते.

घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या तिकिटांच्या डब्यात नकोत. कसर आणि वाळवीसाठी कपाट कोरडं आणि त्यातली हवा खेळती ठेवणं हाच उपाय. पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळी स्टॉकबुकं पंख्याखाली, सावलीत, पानं उघडून ठेवा. उन्हात अजिबात नको, १९२९ चा गुलाबी रंग उन्हाला टिकणारा नाही. देशावर, पुणे-नाशिककडे हवा बरी, पण तिथेही जुलै-ऑगस्टमध्ये कोरी तिकिटं हाताळू नका.

नोंद ठेवा

प्रत्येक पाकिटासाठी वहीत एक ओळ: बेट, दोन्ही शिक्क्यांच्या तारखा, नेणारी बोट किंवा विमान, कुठून कुठे, कोणाकडून घेतलं, किती रुपयांना. किंमत लिहायचा संकोच करू नका. उद्या घरातल्या कोणाला हा संग्रह विकावा लागला तर त्यांना दिशा लागते. तीन प्रश्नांपैकी ज्याचं उत्तर मिळालं नाही ती जागा मोकळी सोडा, रेघ मारून बंद करू नका.

अल्बमचं पान करताना मध्यभागी पाकीट, खाली दोन ओळींचा मजकूर आणि कोपऱ्यात छोटा नकाशा एवढं पुरे. मजकूर मराठीतच लिहा. पाकीट मागून वाचायचं असेल तर मागच्या बाजूची रंगीत प्रत काढून शेजारी लावा, म्हणजे पाकीट दर वेळी बाहेर काढावं लागणार नाही. आठ-दहा पानं झाली की जिल्ह्याच्या किंवा शाळेच्या एखाद्या टपाल प्रदर्शनात ती मांडा. पाहणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी काकांनी ब्रिटनहून आणलेल्या जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा असतो. तो बघायला मिळेल का, हे त्यांना तिथेच विचारा आणि त्यांचा फोन नंबर घेऊन ठेवा.